बोलण्यापुरता उजेड

"अर्धा स्लॅब टाकून झाला, आणि आता म्हणतेस थांबा?" बाबांनी आडव्या तळहाताने हवेतल्या हवेत छप्पर कापून दाखवलं. "लोक माझ्या तोंडाला काळं फासतील!"

"अर्धाच झालाय म्हणून म्हणतेय. पुरा झाल्यावर म्हणून काय उपयोग होता?"

"मिस्त्रीला काय सांगू? त्याच्या सळया बांधून तयार आहेत. माझ्या मुलीचं डोकं फिरलंय म्हणून सांगू?"

"खुशाल सांगा. त्याला ते तुमच्याआधी कळलंय."

पलीकडे भाजी निवडत बसलेली वहिनी फिसकन हसली आणि सासऱ्यांची नजर वळायच्या आत तिने मान खाली घातली. शेजारी आत्या लसूण सोलत होती. ती मात्र मान खाली घालायला तयार नव्हती. बापाच्या तोंडाकडून लेकीच्या तोंडाकडे, लेकीच्या तोंडाकडून बापाच्या तोंडाकडे तिची नजर सारखी फिरत होती. नजर जराही चुकली की निम्मं भांडण हुकणार होतं.

एखाद्या परक्या माणसाने खिडकीतून डोकावलं असतं तर त्याला वाटलं असतं, ही दोघं आता हातघाईवर येणार. दिव्याखाली समोरासमोर उभी, हात सारखे हवेत, आणि तोंडं एवढी मोठी उघडलेली की दाताच्या डॉक्टरला बरं वाटावं. पण या घरात मीठसुद्धा असंच मागितलं जाई.

मागावरचं घर होतं ते. बाबा कापडाच्या गिरणीत जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग ताळ्यावर आणणारे. त्यांची बहीण, म्हणजे आत्या, त्याच खात्यात विणकर. सगळी वसाहतच तशी. शेडमधले माग एकदम धडधडायला लागले की कानाशी ओरडलेलंही ऐकू येत नसे, म्हणून तिथे कानाने कोणी ऐकतच नसे. ओठ मोठे मोठे हलवायचे, भुवया चढवायच्या, उरलेलं बोटांनी सांगायचं, आणि समोरच्याने ते चेहऱ्यावरून वाचायचं. या टोकाच्या बाईने त्या टोकाच्या बाईला सुनेची कागाळी सांगावी आणि मधल्या रांगेतल्या सगळ्यांनी माग न थांबवता ती वाचावी, असा तिथला कारभार. पुढे गिरणी बंद पडली, शेड पाडली गेली. गेलेले कान काही परत आले नाहीत, आणि बोलण्याची तऱ्हाही तशीच राहिली.

बाबांशी भांडणारी ही मुलगी आर्किटेक्ट होती, पण वसाहतीत तिला सगळे दुभाषी म्हणत. आई लवकर गेली, आत्याने वाढवलं. आत्या दवाखान्यात जायची तेव्हा हिला बरोबर न्यायची. डॉक्टर टेबलाकडे बघून पुटपुटायचा. ही ते ऐकायची आणि आत्याकडे तोंड वळवून तेच मोठ्या ओठांनी, बिनआवाजाचं सांगायची. एकदा तर तिने डॉक्टरला तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसा ना, म्हणजे आत्याला तुमचं तुम्हीच सांगू शकाल." डॉक्टरने खुर्ची फिरवली होती. मग शेजारणीही तिला मागायला लागल्या. "जरा दुभाषीला पाठवा हो, पोस्टात जायचंय." तेव्हा चिकटलेलं नाव तिला डिग्री मिळाली तरी सुटलं नाही.

कॉलेजात पहिल्याच आठवड्यात एका मुलीने तिच्या बोलण्याची नक्कल करून दाखवली होती, पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखं तोंड उघडून. वर्ग खिदळला. दुभाषी आरशासमोर उभी राहून लहान तोंडाने बोलायला शिकली. तेव्हापासून तिची बोलण्याची दोन मापं झाली, बाहेरचं छोटं आणि घरातलं मोठं. दिवसभर ऑफिसात ओठ आवळून बोलायची आणि घरच्या पायरीवर पाऊल ठेवलं की, पायातला घट्ट बूट काढावा तसं तोंड मोकळं सोडायची.

वसाहतीच्या हॉलचं काम तिने ऑफिसात मागून घेतलं होतं. मोठे सर म्हणाले होते, घरच्या माणसांचं काम कधी घेऊ नये, ती आभार मानत नाहीत आणि चुका विसरत नाहीत. तरी घेतलं. प्रत्येक रेघ तिने स्वतः ओढली. एसी लागणार नाही, दिवसा एकही दिवा लावावा लागणार नाही, असा हॉल तिला हवा होता. पोकळ विटांच्या जाड भिंती, वरून पांढराशुभ्र चुना, ऊन आत शिरणार नाही अशा खोल खिडक्या. आणि एका अख्ख्या भिंतीला जाळी. गिरणी मोडली तेव्हा भंगारात निघालेल्या लाकडी कांड्या, ज्यांच्यावर सूत गुंडाळलेलं असे, तिने शोधून आणल्या होत्या आणि जाळीच्या भोकाभोकांत बसवल्या होत्या. "इथल्या लोकांची संस्कृतीच भिंतीत उतरवली आहे तिने," असं सर एका पाहुण्याला सांगत होते तेव्हा ती आपल्या टेबलाशी काम केल्यासारखं करत बसली होती. एक अक्षर सोडलं नाही तिने. त्या कांड्यांचा तिला फार अभिमान होता.

अर्ध्या हॉलवर स्लॅब टाकून झाला आणि बाबांना धीर धरवेना. ते कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी पहिली सभा तिथेच बोलावली. बाहेर ऊन रणरणत होतं. आत पाय टाकल्याबरोबर जो तो "अहाहा" करत होता आणि बाबा प्रत्येकाला धरून भिंतीपाशी नेत होते.

"हात लावून बघा. लावा, लावा. आमच्या मुलीची भिंत आहे."

आत्याही आली होती. गिरणी बंद पडल्यापासून दवाखाना सोडला तर ती कुठे गेलीच नव्हती. लग्नाला नाही, बारशाला नाही. "जाऊन करू काय? सगळे हसले की आपण हसायचं," म्हणायची. पण हा हॉल घरच्या पोरीचा, म्हणून तिने जपून ठेवलेल्या नव्या चपला खोक्यातून काढल्या आणि पुढच्या रांगेत येऊन बसली.

सभा सुरू झाली आणि लोक चुळबुळायला लागले. उजेड येत होता तो जाळीतून, माणसांच्या पाठीमागून. भोकं लखलखीत आणि त्यांच्यापुढचे चेहरे काळेठिक्कर. कोण काय बोलतंय, कुणालाच दिसेना. लोक माना पुढे काढून बघू लागले, डोळे बारीक करू लागले. मग एकाने मुकाट्याने खुर्ची उचलली आणि पलीकडच्या अर्ध्यात, जिथे अजून छप्परच नव्हतं, तिथे भर उन्हात जाऊन बसला. त्याच्यामागून दुसरा. डोक्यावर वर्तमानपत्र, रुमाल, काहीही धरून सगळी सभा उन्हात गेली आणि तिथे तिला एकदम तोंड फुटलं. हात नाचू लागले, हशा पिकला. थंडगार सावलीत अध्यक्ष आणि रिकाम्या खुर्च्या उरल्या.

"यांना सुख बोचतं," मिस्त्री दुभाषीला म्हणाला. त्याला वाटलं ती रडणार.

ती रडली नाही. तिला सगळं एका क्षणात समजलं होतं आणि समजल्यामुळेच स्वतःच्या थोबाडीत एक ठेवून द्यावीशी वाटत होती. मोडीत निघालेल्या कांड्या तिने आठवणीने भिंतीत बसवल्या आणि जिवंत माणसांची तोंडं विसरली! आणि विसरली कोण, तर डॉक्टरची खुर्ची खिडकीकडे फिरवणारी.

आत्या त्याआधीच घरी निघून गेली होती. "छान आहे गं," तिने संध्याकाळी सांगितलं. "गार आहे." आणि चपला पुसून पुन्हा खोक्यात ठेवल्या. त्या खोक्याचं झाकण लागलं तेव्हाच दुभाषीने ठरवलं की स्लॅबचा दुसरा भाग टाकू द्यायचा नाही. आत्या पुन्हा त्या दारातून आत येणार नसेल, आली तरी बसणार नसेल, तर भिंती कितीही गार राहोत, तिच्या लेखी तो हॉल बांधलाच गेला नव्हता.

म्हणून हे भांडण.

"दिवे लावू की!" बाबा म्हणत होते. "ट्यूबांची रांगच्या रांग लावू. ती जाळी बुजवू आणि खजिनदार म्हणतात तसा एसी बसवू. हॉटेलसारखं होईल."

"दिवसाढवळ्या ट्यूबा लावून, दारंखिडक्या बंद करून बसायचं होतं तर माझ्याकडे कशाला आलात? आणि डोक्यावर ट्यूब लावली की भुवईची सावली डोळ्यांत पडते आणि नाकाची ओठांवर. ओठच झाकले तर वाचणार काय, कपाळ?"

"मग हवंय काय तुला?"

तिने बोट वर करून हवेत रेघ काढली. सरळ वर, मग तिरकी खाली. पुन्हा सरळ वर, पुन्हा तिरकी खाली. करवतीचे दाते. त्या घरात त्याचा अर्थ सांगावा लागत नव्हता. आत्याच्या हातातला लसूण थांबला.

"शेडचं छप्पर?" बाबांचा आवाज चिरकला. "पुन्हा कारखान्याचं छप्पर? अगं, जन्म गेला आमचा त्याच्याखाली! भट्टी होती ती. अंगावरचा कपडा पिळून निघायचा. आता म्हातारपणी हौसेने तिथेच जाऊन बसायचं? नातवंडांना काय सांगू, आजोबा अजून पाळीवर जातात?"

"भट्टी छपराने केली नव्हती, बाबा. कोरड्या हवेत सूत तुटतं म्हणून काचा खिळे मारून बंद ठेवल्या होत्या आणि वरून वाफ सोडत होते, ती भट्टी त्याने केली. माझ्या काचा उघडतील. तापलेली हवा वरच्या वर निघून जाईल. काच उत्तरेकडे, म्हणजे ऊन आत येणार नाही, उजेड तेवढा येईल. उतरत्या बाजूला आतून जाड अस्तर…"

"अस्तर घाल तुझ्या डोक्याला!"

"डोकं तुमच्यावरच गेलंय!"

"सासऱ्यांच्या डोक्याला कशाला नावं ठेवता," वहिनी पुटपुटली, "त्यावर आधीच केस नाहीत." मग दोघं एकदमच बोलायला लागली, कोण कुणाचं बघतंय ते कळेना, तशी ती उठली आणि तिने सरळ दिव्याचं बटण दाबलं.

ही त्या घराची जुनी रीत होती. भांडण हाताबाहेर गेलं की जो कोणी कंटाळला असेल त्याने दिवा घालवायचा. दिसतच नाही म्हटल्यावर भांडणार कुणाशी? वहिनी सून म्हणून आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात अंधार झाला आणि तिला वाटलं वीज गेली. आता तीच या कामात सगळ्यांत तरबेज होती.

अंधारात बाबांचा आवाज थोडा वेळ एकटाच चालला. मग अडखळला.

"ती काय म्हणतेय? अगं, लाव दिवा! ती काय म्हणतेय?"

दिवा लागला तेव्हा दुभाषी होती तिथेच उभी होती.

"काही नाही म्हणाले," ती म्हणाली. "पण त्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांना असंच झालं."

बाबा खुर्चीत बसले. ऐकू येत नाही हे त्यांनी आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं. लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं त्यांचं म्हणणं असे. त्यांनी मोर्चा बहिणीकडे वळवला.

"तू का परत आलीस गं त्या दिवशी?"

"सांगितलं की. गार होतं."

"मग गार नको तुला?"

"नुसतं गारच बसायचं," आत्या म्हणाली, "तर मी माठाशेजारी बसेन."

वहिनीने या वेळी हसू लपवलं नाही. बाबांनी बराच वेळ गुडघे चोळले.

"मिस्त्रीला मी सांगतो," ते शेवटी म्हणाले. "कमिटीला तू सांग. आणि खजिनदार ओरडायला लागला तर मी मध्ये पडणार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"ओरडू दे. त्याचं मला लांबूनही वाचता येतं."

खजिनदार ओरडलाच. दुभाषीने कमिटीला दुसरा स्लॅब टाकायचा होता त्या मोकळ्या भागात बोलावलं होतं. मिस्त्रीच्या माणसांकडून बांबू बांधून घेतले होते आणि त्यांवर पांढऱ्या चादरी तिरप्या ताणल्या होत्या, उत्तरेची बाजू उघडी ठेवून. घरोघरच्या चादरी होत्या त्या. एकीवर शाईचा मोठा डाग होता आणि तो कुणाच्या घरचा यावर आधी चर्चा झाली. खजिनदार म्हणाला की चांगल्या वस्तीतल्या हॉलना असली छपरं नसतात. एका विणकराने त्याला, तूही गिरणीतलाच ना, तुझ्या मागाचा नंबर आठवतो का, असं विचारलं. मग जी जुंपली ती जुंपली. दुभाषी एका बाजूला उभी राहून बघत होती. मागच्या कोपऱ्यातला म्हातारा पुढच्या कोपऱ्यातल्याला उत्तर देत होता आणि मधले सगळे ते वाचून आपलं घालत होते. कुणी मान पुढे काढत नव्हतं, कुणी डोळे बारीक करत नव्हतं. सगळ्यांच्या तोंडांवर सारखा, मऊ उजेड होता. एवढं मनसोक्त भांडण त्यांनी शेड पाडल्यापासून केलं नव्हतं. निकाल काय लागणार हे तिला मतं मोजायच्या आधीच दिसलं.

सरांना मात्र वाईट वाटलं. इमारतीचा एक भाग सपाट, एक भाग दातेरी. दोन वेगळ्या माणसांनी बांधल्यासारखी दिसेल, म्हणाले. आता हिचे फोटो कुठे पाठवता येणार नाहीत. खरं तर तिलाही ते लागलं. नव्या नकाशाकडे बघताना तिलाच तो ठिगळ लावल्यासारखा वाटायचा.

"राहू दे सर," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता ऑफिसातच तिचं तोंड घरच्यासारखं मोठं उघडलं. सर चमकून बघत राहिले. तिने ते पुन्हा मिटून लहान केलं नाही, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

छप्पर चढलं. एकामागून एक दाते उभे राहिले, तेव्हा वसाहतीतली माणसं संध्याकाळी हात मागे बांधून नुसती बघायला येत. बाबा तर सकाळीच जायचे. आता ते लोकांना धरून भिंतीपाशी नेत नसत. खाली उभं करून वर बोट दाखवत. "काच उत्तरेकडे आहे. ऊन? ऊन येऊन दाखवू दे! गरम हवा वरून बाहेर. आपल्या शेडमध्ये काचा बंद असायच्या ना, म्हणून ती भट्टी. छपराचा काही दोष नव्हता." जणू हे सगळं त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. दुभाषी मागे उभी असली तरी त्यांना त्याचं काही वाटत नसे. स्लॅबखालचा गार काळोखा भाग वाया गेला नाही. कुणीही न ठरवता तो दुपारच्या डुलकीचा भाग झाला. कांड्यांच्या जाळीत पोरं बोटं घालून त्या फिरवत बसत.

उद्घाटनाला बाहेरून एक मोठे पाहुणे आले. दारात पाऊल टाकल्यावर ते घाबरून थांबले. "काही गडबड आहे का?" त्यांनी हळूच विचारलं. सगळा हॉल हातवारे करत होता, तोंडं आ वासलेली, आणि आवाज मात्र फारसा नाही.

"नाही, नाही," बाबा ताठ होत म्हणाले. "बोलतायत."

दिवस भरात होता, एकही दिवा लावलेला नव्हता, आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाची मिशी पहिल्या रांगेतून मोजता आली असती. पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. दुभाषीला त्यांच्याशेजारी बसवलं होतं. तिची नजर आत्याला शोधत होती. आत्या भिंतीला टेकून बसली होती, चेहरा सपाट, निघायच्या बेतात असल्यासारखी.

तेवढ्यात हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला एक हात वर झाला. आत्याच्या शेजारच्या मागावरची बुटकी. वसाहतीच्या त्या टोकाला राहणारी, गुडघ्यांनी जायबंदी झालेली. दोघींची गाठ किती वर्षांत पडली नव्हती. बुटकीने भुवया उडवून पाहुण्यांच्या केसांकडे खूण केली आणि मोठ्या, स्पष्ट ओठांनी विचारलं, "टोप आहे का गं तो?"

आत्याने डोळे किलकिले केले नाहीत. मान पुढे काढली नाही. तीनशे माणसांच्या डोक्यांवरून तिने शांतपणे उत्तर दिलं, "आहे. आणि उलटा घातलाय."

मधल्या रांगा हलायला लागल्या. पाहुण्यांना वाटलं, आपला विनोद लागला. त्यांनी तो पुन्हा सांगितला. दुभाषीने ओठ दातांत घट्ट धरले होते. सगळं वाचलं होतं तिने, पुढचंही, जे लिहिण्यासारखं नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते हसण्याचंच होतं असं तिला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. समोर आत्या बोलत होती. दवाखान्यात जिच्यासाठी ती तोंड वळवून उभी राहायची ती आत्या, मध्ये कुणीही नसताना, भर सभेत, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बोलत होती. आणि वरून पडणारा तो उजेड हिने काढलेल्या रेघांमधून येत होता.

त्या संध्याकाळी घरात बाबांची बढाई संपेना. पाहुणे काय म्हणाले, त्यांनी छपराकडे किती वेळा पाहिलं, "ही कल्पना कुणाची" असं विचारल्यावर आपण कसं नुसतं मुलीकडे बोट केलं. वहिनी म्हणाली, आता त्या हॉलला घरी घेऊन या, म्हणजे झालं. दुभाषी भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसली होती आणि अंगात जोर उरलेला नसताना माणूस जसा हसतो तशी हसत होती.

आत्या सगळ्यांत शेवटी घरी आली. सभा संपून बराच वेळ झाला होता. ती दिव्याखाली येऊन उभी राहिली, सगळे आपल्याकडे बघतायत याची तिने खात्री करून घेतली.

"उद्यापासून संध्याकाळी मी घरात नसेन," ती म्हणाली. "स्वयंपाक तुमचा तुम्ही करा. माझं ताट झाकून ठेवा."